टाकीतले शेजारी

धाकट्याच्या हट्टाने गेल्या दिवाळीत घरात माशांची टाकी आली. दुकानदाराने दहा निऑन टेट्रा आणि पंजाएवढा एक ‘शार्क’ एकत्रच दिला. आठवड्याभरात टेट्रा उरले सहा. तो शार्क नव्हताच. पंगासियस, म्हणजे कॅटफिश, वाढला तर मीटरभर होणारा. त्याचा काय दोष? तोंडात मावेल ते तो खाणारच. एका काचेत कोंडलं मी. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तरी तेच डोळ्यांपुढे.

मुलगा म्हणाला, नदीत सोडू. पण तो आपल्या नदीचा नाही, तिथल्या जिवांचं काय? शेवटी मोठा हौद असलेल्या ओळखीच्यांकडे दिला.

आता टेट्रांसोबत सहा कोरीडोरास आहेत. हेही कॅटफिशच, पण बोटाच्या दोन पेरांएवढे आणि गरीब. कळपात रमतात, एकटादुकटा आणू नका. मिशा नाजूक असतात, तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू घाला. आणि वरच्यांचं उष्टं खाऊन जगतील असं समजू नका. बुडणारी गोळी वेगळी द्यावी लागते. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, हे मात्र दिवे मालवल्यावर!

जिवंत अळ्या मी आणत नाही. पण परवा सासूबाईंनी चष्मा लावून गोळ्यांचा डबा वाचला. पहिलंच नाव, मासळीची भुकटी.

“मग काय, उपाशी ठेवणार आहेस?” त्यांनीच विचारलं.

ठेवत नाही. नवे मासे मात्र आणायचे नाहीत, एवढं आम्ही दोघींनी ठरवलंय. धाकट्याला अजून सांगायचंय.