फूल, गाणे आणि शेवट

रॉजर कॉर्मनच्या ‘द लिट्ल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) या चित्रपटाचे बहुतेक चित्रीकरण दोन दिवसांत उरकले होते, आणि ती घाई त्याच्या शैलीचाच भाग झाली आहे. रक्तावर वाढणारे झाड पोसणारा सीमोर तेथे बहुधा योगायोगानेच खुनी ठरतो. अखेरच्या कळीत त्याचाच चेहरा उमटतो. प्रेक्षकाला हळहळ वाटत नाही. वाटावी अशी अपेक्षाही नाही.

हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकन यांच्या १९८२च्या संगीतिकेवरून फ्रँक ऑझ यांनी केलेल्या चित्रपटात (१९८६) मात्र पात्रे गातात. ऑड्री उपनगरातल्या छोट्या घराचे स्वप्न गाते आणि विडंबनातल्या बाहुलीला एकाएकी अंतरंग लाभते. रंगभूमीवर नायक-नायिका झाडाच्या पोटात जातात. पडद्यासाठीही तेच चित्रित झाले. पण चाचणी-खेळांच्या प्रेक्षकांनी ते नाकारले आणि सुखान्त जोडावा लागला. (मूळ शेवट २०१२च्या ब्लू-रे आवृत्तीत पूर्ववत झाला.)

या बदलाला केवळ व्यापारी तडजोड म्हणून निकालात काढणे उतावीळपणाचे होईल. गाणी तर बव्हंशी तीच होती. ऑझ यांचे स्पष्टीकरण मार्मिक आहे: नाटकात मेलेली पात्रे शेवटी अभिवादनाला परत येतात, चित्रपटात गेली ती गेलीच. म्हणजे गाण्याने निर्माण केलेल्या जिव्हाळ्याची भरपाई करणारा संकेत रंगभूमीपाशी होता, पडद्यापाशी नव्हता. कॉर्मनला त्याची गरजच पडली नाही, कारण त्याची पात्रे गात नव्हती.

तरीही ऑझ यांच्या सुखी घराच्या बागेत एक इवलेसे रोप हसताना दिसतेच.