किंडरच्या माथ्यावर

डोंगर चढायचा तर माथ्यावर काहीतरी हवं, असं माझं ठाम मत आहे. पडका का होईना एखादा बुरूज, पाण्याचं टाकं, शेंदूर फासलेला मारुती. माझं बालपण खामगावचं. डोंगर म्हणजे नरनाळ्याचा किल्ला, हे तेव्हाच डोक्यात बसलं. त्यामुळे मँचेस्टरच्या आमच्या वॉकिंग क्लबाने जूनमध्ये किंडर स्काउट ठरवलं, तेव्हा नकाशा बघून माझा उत्साह निम्मा झाला. पीक डिस्ट्रिक्टमधला हा सर्वांत उंच भाग, 636 मीटर. वर किल्ला नाही, झाड नाही, टोकदार शिखरसुद्धा नाही. नुसतं पठार.

ईडेलहून जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्या चढून वर आलो. वाऱ्याने कान बधिर झाले होते. किंडर डाउनफॉलचा धबधबा जेमतेम पाझरत होता. तिथे डबे उघडले, आणि थंडगार सँडविच खाताना आईच्या हातच्या ठेच्याची फार आठवण आली. गटाचा म्होरक्या सारखा घड्याळ बघत होता. डोंगरावर घाई करणारी माणसं मला सहन होत नाहीत. म्हणून जेवणानंतर मी मागे राहिले, आणि मागे राहणाऱ्या बाईंशी गाठ पडली.

बाई सत्तरीच्या पुढच्या, ओल्डहॅमच्या. त्या मला कडेची मळलेली वाट सोडून पठाराच्या आत घेऊन गेल्या. आत जमीन फाटलेली होती. माणूस बुडेल एवढे खोल, वेडेवाकडे चर, आणि दोन्ही बाजूंना काळीकुट्ट माती. आमच्या कपाशीच्या रानातली माती काळी म्हणतात, पण हिच्यापुढे ती करडीच. ही पीट. थंडीत आणि पाण्यात न कुजता साठत गेलेल्या वनस्पतींचा थर, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माझ्या कमरेइतक्या उंचीत हजारेक वर्षं होती. हात लावला तर बोटांना ओलसर भुकटी लागली आणि वाऱ्याने लगेच उडून गेली.

बाई एका चराच्या तळाशी गुडघ्यांवर बसल्या. तिथे दगडांचा छोटा बांध घातलेला होता, मागे पाणी तुंबलं होतं आणि पाण्याच्या कडेने पोपटी शेवाळाची गादी धरली होती. जवळून बघितलं तर प्रत्येक काडीच्या टोकाला इवल्या पानांची चांदणी. बाईंनी त्यातली चिमूटभर उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पीळ." मी पिळली. पाणी मनगटावरून थेट बाहीत शिरलं. एवढ्याशा चिमटीत एवढं पाणी मावलं कसं, म्हणून मी बघतच राहिले. या शेवाळाचं नाव स्फॅग्नम. आपल्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवू शकतं. पीट मुख्यतः यानेच घडवली आणि यानेच ओली ठेवली. बाईंनी पिळलेली चिमूट पुन्हा होती त्या जागी नीट दाबून बसवली.

"मग इतर ठिकाणी का नाही?" मी विचारलं.

त्यांनी पश्चिमेकडे हात केला. खाली धुरकट उन्हात मँचेस्टर पसरलेलं होतं. "तिथल्या धुराने मेलं. माझी आई गिरणीत होती."

दीडशेहून जास्त वर्षं तिथल्या आणि पलीकडे शेफील्डच्या चिमण्यांनी कोळसा जाळला. काजळी आणि गंधकाचा धूर पावसातून या माथ्यावर उतरला आणि आम्लाने स्फॅग्नम मेलं. वर मेंढ्यांची चराई, वणवे. पांघरूण गेल्यावर पीट उघडी पडली, सुकली, वाहून गेली. आता हेलिकॉप्टरने दगड आणून चरांत बांध घालतात, चुना टाकून आम्ल उतरवतात, गवत पेरतात आणि मग शेवाळाची रोपं हाताने खोचतात. त्या हातांत बाईंचे हात गेली कित्येक वर्षं आहेत.

मी उठले तेव्हा समोर कॉटन ग्रासचा पट्टा वाऱ्यावर हलत होता. काडीकाडीला पांढऱ्या कापसाचा झुबका. बघून पोटात कालवलं. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 1865, तिकडचा कापूस अडला तेव्हा मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या वऱ्हाडाकडे वळली. कापसासाठीच 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. आमची गाडी त्याच रुळांवरून जायची. लहानपणी शिकले ती गोष्ट कापूस बोटीत चढला तिथे संपायची. त्याच्यासाठी जाळलेल्या कोळशाचा धूर कुठे गेला, हे इथे उभं राहिल्यावर कळलं. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी माझा चिखलाने भरलेला हात घट्ट धरला आणि आम्ही बराच वेळ तशाच चाललो.

उतरताना विल्यम क्लफच्या ओढ्यात त्यांनी दुसरी हकीकत सांगितली. याच धुरात आठवडाभर राबणारे कामगार रविवारी मोकळ्या हवेसाठी इकडे यायचे, पण माथा ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला, रखवालदार हाकलून द्यायचे. 24 एप्रिल 1932 रोजी सुमारे चारशे जण मुद्दाम याच ओढ्याने वर घुसले. पुढारी बेनी रॉथमन, वीस वर्षांचा बेकार पोरगा. रखवालदारांशी झटापट झाली. नुसतं परक्या जमिनीत शिरणं हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीचे आरोप ठेवले. पाच जणांना दोन ते सहा महिने कैद, रॉथमनला चार. त्यांचा सगळा राग मला माझा वाटला. ज्यांच्या श्रमाने शहर श्रीमंत झालं, त्यांना त्याच शहराबाहेरच्या माळावर पाय ठेवायची बंदी!

मोकळ्या डोंगराळ माळांवर चालण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंडमध्ये 2000 सालच्या कायद्याने मिळाला. 2002 मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने हेफील्डजवळच्या बोडन ब्रिज खाणीत येऊन, तेव्हा या माळाचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. चारशे जण त्या दिवशी तिथूनच निघाले होते. आम्ही पोचलो तेव्हा गट कधीचा पुढे गेला होता. खडकावरच्या स्मृतिफलकापाशी थांबून मी विचारलं, शेवाळ मेलं त्याची माफी कुणी मागितली का?

"कोण मागणार?" बाई बुटांचा चिखल काठीने खरवडत म्हणाल्या. "थंडीत लागवड आहे. हातमोजे जाड आण."

मी तिथेच तारीख लिहून घेतली.