चाहत्यांनी कोणाच्या बाजूने उभे राहावे?

छत्रपती संभाजीनगर

मार्च 2024. गोव्यात महिला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा चालू होती. हिमाचलच्या खाड एफसीच्या दोन खेळाडूंनी आरोप केला, की रात्री अंडी शिजवण्यावरून संघमालकाने खोलीत शिरून मारहाण केली. हा मालक राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीवरही होता. गोवा पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केले. दमून आलेल्या खेळाडूंवर चार घासांसाठी ही वेळ यावी, याचा मला संताप येतो. त्यांच्यासाठी गॅलरीतून ओरडणारे कोणीच नव्हते, हे त्याहून वाईट.

‘आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, क्लबची बदनामी कशाला?’ असे निष्ठावंत चाहते विचारतात. दोष न्यायालयानेच ठरवावा, हे मान्य. पण तक्रार करणारीच्या पाठीशी उभे राहायला निकाल लागत नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ऑक्टोबर 2021 मध्ये महिला फुटबॉलचा सामना सहाव्या मिनिटाला मुद्दाम थांबवला गेला. कारण दोन माजी खेळाडूंच्या तक्रारीची दाद लागायला सहा वर्षे गेली होती. चाहत्यांनी क्लबच्या स्टॉलवर खरेदी बंद ठेवली, पण संघाची साथ सोडली नाही. आपल्याकडे मुलींच्या सामन्यांना निदान जाऊ तरी लागा.