पुतण्याचं घर आणि आमची विहीर

गेल्या मे महिन्यात पुतण्या स्वीडनहून मंडणगडला आला. आल्या आल्या शर्ट काढून पंख्याखाली बसला तो उठेचना. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, तेव्हापासून पुढच्या दोन खोल्यांवर दादाने स्लॅब टाकलाय. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी उघड्या घरात आईला धरून तो बसला होता, मी नव्हे. पण त्या खोल्यांचं छत रात्री दोन वाजताही तापलेलं असतं.

साहजिकच एसीचा विषय निघाला. शिवाय विहीर बुजवून तिथे गाडीला जागा करायची, हेही दादाच्या मनात होतंच. आई काही बोलली नाही.

मग पुतण्याने त्याच्या घराचं सांगितलं. अंगणात दीडशे मीटर खोल बोअर, पण पाणी उपसायला नाही! बंद नळीतून न गोठणारं पाणी खाली जातं आणि जमिनीतली सात-आठ अंशांची ऊब घेऊन वर येतं. फ्रीजसारखं एक यंत्र ती ऊब घर तापवण्याइतकी चढवतं. विजेचं एक युनिट खर्चलं की तीन-चार युनिटं उष्णता मिळते. कल्पना जुनीच आहे, लॉर्ड केल्व्हिनने १८५२ मध्येच अशा यंत्राबद्दल लिहिलं होतं.

"म्हणजे उन्हवऱ्यासारखं?" आईने विचारलं.

तसं नाही. उन्हवऱ्याचं कढत पाणी फार खोलातून, भेगांमधून येतं. याला गरम झरा लागत नाही. वरची हवा बदलली तरी न बदलणारी जमीन पुरते.

"मग ती आपल्या विहिरीतपण आहे की!"

खरंच! जानेवारीत पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफा दिसतात, मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. पाणी फारसं बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा.

"मग बसवूया आपणपण," दादा म्हणाला. पुतण्या मात्र प्रामाणिक. कोकणात खोलवरची जमीनसुद्धा सत्तावीस अंशांच्या आसपास. तिकडे हिवाळाभर जमिनीतून उष्णता काढतात, उन्हाळ्यात थोडी परत जाते. इथे आपण काढणार काहीच नाही, नुसती टाकत राहणार, जमीन हळूहळू तापणार. एसीपेक्षा वीज थोडी वाचेल, पण दोन खोल्यांसाठी बोअरचा खर्च निघायचा नाही.

विषय तिथेच संपला. रात्री आईने आपली चटई उचलली आणि माजघरात टाकली. तिथे अजून जुन्या मातीच्या जाड भिंती आहेत, वर कौलं आहेत. थोड्या वेळाने पुतण्या उशी घेऊन तिकडे गेला. मग मी. पहाटे उठून बघते तर दाराशी दादा घोरतोय!

असो. पावसाआधी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून कौलं चढली, या वेळी तारेने घट्ट बांधून. मधल्या फटीतून वारा खेळतो. एसी अजून आलेला नाही. विहिरीवर नवी जाळी बसली, गाडी फणसाखाली उभी राहते.

तुमच्या घरी विहीर असेल तर जानेवारीत आणि मे महिन्यात बादलीत थर्मामीटर बुडवून बघा. आकडे मला जरूर कळवा.