चूल मागे राहिली

शनिवार पेठेत काळ्या दगडाकडे कोणी वळून पाहत नाही, इतका तो पायाखालचा आहे. शनिवारवाड्याचा तट पाहा : खाली दगड, वर वीट. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले, जोती राहिली. आमच्यासारख्यांच्या घरांतही तोच. दारापुढची पायरी, न्हाणीतली डोण, जाते, पाटा-वरवंटा. जन्मच आगीतला, मग आगीचे त्याला काय वाटणार!

आमचा वाडा दिवाळीनंतर पाडायचा आहे. सह्या झाल्या, भांडीकुंडी वाटून झाली, आणि गाडे अडले ते पाट्यापाशी. मुलगा म्हणाला, "आई, मिक्सर आल्यापासून त्याला हात लावलाय का कोणी?" खरेच होते. टाकी लावणारी बाई वाड्यात येऊन गेली त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. पण सासूबाई ऐकेनात. पाट्याचे एक वेळ राहू द्या, वरवंटा येणारच. "माझी तिन्ही पोरं पाळण्यात निजायच्या आधी हा निजलाय," त्या म्हणाल्या. बारशाला वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात ठेवतात, हे आताच्या मुलांना समजावून सांगावे लागते. त्या तिघांतला धाकटा सहा महिन्यांचा होऊन गेला. त्याची दुसरी खूण घरात नाही.

माझा भाचा भूशास्त्र शिकवतो. तो तंटा मिटवायला म्हणून आला आणि वरवंटाच मांडीवर घेऊन बसला. त्याच्या अंगावरची बारीक छिद्रे दाखवून म्हणाला, "आजी, हे लाव्हारसातले बुडबुडे." मोठ्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून स्फटिक धरतात, आपल्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट त्यातलाच.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस दुधासारखा उतू गेला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा. खंडाळ्याच्या घाटात आगगाडीतून डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या ह्या थरांच्या. अजूनही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यांनी झाकलेला आहे.

मला नवल वाटले ते चुलीचे. ती आज पुण्याखाली नाहीच! पृथ्वीच्या पोटात फार खोलातून तप्त खडकाचा एक झोत वर येतो, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तो जवळजवळ जागच्या जागी असतो. वरून भूखंड सरकत जातात. त्या काळी आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे, वर्षाला पंधरा सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे भूखंडांच्या मानाने धावतच निघाला होता. चूल मागे राहिली. वाटेत तिच्या खुणा उमटत गेल्या : लक्षद्वीप, मालदीव, चागोस (ह्यांच्या पोवळ्यांखाली ज्वालामुखीचाच दगड आहे), मग मॉरिशस, आणि शेवटी रेयुनियाँ. पुण्याहून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर. तिथला पितों द ला फूर्नेझ अजून वरचेवर उसळतो. २००७ साली तर त्याच्या शिखरावरच्या विवराचा तळ सुमारे तीनशे मीटर खचला.

रस उतू गेला त्याच सुमारास घराच्या वाटण्याही झाल्या. मादागास्कर आधीच, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, वेगळे झाले होते. आता सेशेल्सचा तुकडा सुटला आणि मधल्या फटीत अरबी समुद्र रुंदावत गेला. भर समुद्रातल्या बेटावर सहसा सापडू नये असा पंचाहत्तर कोटी वर्षांचा ग्रॅनाइट सेशेल्सला आहे. तो जुन्या एकत्र घराचा. झोताच्या धगीने जमीन फाटली, की फाटू लागली होती म्हणून रसाला वाट मिळाली, ह्याबद्दल विद्वानांचे एकमत नाही. आधी भिंत पडली की आधी मने, हे वाटणी झालेल्या घरांत तरी कोणाला सांगता येते?

एकोणिसाव्या शतकात कोकणातली मराठी कुटुंबे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला मॉरिशसला गेली. मुलूख सुटला, काळे पाणी ओलांडले, आणि उतरली ती पुन्हा काळ्याच दगडावर. त्याच चुलीवरचा, मागाहूनचा घाणा : मॉरिशसचे जुन्यात जुने थर ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे. उसाच्या शेतांतून वेचून रचलेले त्या दगडांचे ढीग तिथे अजून उभे आहेत. त्या कुटुंबांचे वंशज आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मसाला वाटायला तिथेही काळा पाटा असतो, आणि त्याच्या वरवंट्याला क्रिओल बोलीत 'बाबा' म्हणतात. म्हणजे तान्हे मूल.

भाच्याने हे सांगितले तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वरवंटा पदराने पुसला. मुलाने तो मुकाट्याने उचलून त्यांच्या लुगड्यांच्या बोचक्यात ठेवला. पाट्याला मात्र दोन माणसे लागतील. तो टेम्पोतून न्यायचा की रिक्षातून, ह्यावर अजून बोलणी चालू आहेत.