आईंचे घर आवरताना: आधी काय, नंतर काय



पेसाहच्या आधी घर कसे झाडून काढायचे, हे आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. कोकणात आपले पूर्वज या सणाला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत, आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. पण खमीर शोधणे वेगळे आणि पन्नास वर्षांचा पसारा काढणे वेगळे. खमीर कोणते ते ठाऊक असते. पसाऱ्यात मात्र कचरा आणि इतिहास एकाच पिशवीत असतात.

माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. पेसाह झाला की त्या कायमच्या आमच्याकडे राहायला येणार. त्यांचे घर इथेच अश्दोदमध्ये, आमच्यापासून दोन बसथांब्यांवर आहे. तीन खोल्या, एक मिर्पेसेत आणि खाली मखसान. माझी मुले म्हणतात, “आई, मोठा कंटेनर मागवू. दोन दिवसांत घर मोकळे.” नणंद म्हणते, “आईच्या एका चमच्यालाही हात लावायचा नाही.” मी दोघांच्या मधे. म्हणून आधी वही घेतली आणि क्रम लिहून काढला.

मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा पहिली गोष्ट शिकवली ती हीच: वॉर्डमध्ये शिरल्यावर जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे नव्हे, ज्याची वेळ संपत आली आहे त्याच्याकडे आधी जायचे. घराचेही तसेच आहे. स्वयंपाकघर आणि मखसान ओरडतात, पण त्यांना घाई नाही. परात पुढच्या वर्षीही परातच राहील.

पहिले काम आमच्याच घरातले. ममाद रिकामा करायचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, ममाद म्हणजे घरातली काँक्रीटची सुरक्षित खोली. सायरन झाला की आत जायला मिनिटभरही मिळत नाही, आणि आपण तिथे इस्त्रीचे टेबल, जुन्या गाद्या, पंखे भरून ठेवतो. वॉकर घेऊन चालणारी बाई त्यातून वाट कशी काढणार? बाथरूमच्या वाटेवरची सतरंजीही उचलायची. याला एक दिवस.

दुसरे, औषधे. आईंच्या कपाटात तीन ड्रॉवर गोळ्या आहेत. मुदत संपलेली आणि डॉक्टरांनी बंद केलेली औषधे वेगळी काढून कुपत खोलिमच्या औषधालयातल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाकायची, संडासात नाही. याला एक सकाळ.

तिसरे, फोटो. इथे माझे आणि इतरांचे जमत नाही. सगळे सांगतात, आठवणींच्या वस्तू शेवटी ठेवा, नाहीतर त्यातच अडकाल. तरुण माणसाच्या घरी ते बरोबर आहे. आमच्याकडे बिस्किटांच्या दोन डब्यांत साडेतीनशेच्या आसपास फोटो आहेत आणि त्यातली माणसे ओळखणारी एकच व्यक्ती आहे. त्यांची नजर कमी होत चालली आहे. मग थांबायचे कशासाठी?

रोज दुपारी चार वाजता चहा घेऊन बसतो. अर्धा तास, त्याहून जास्त नाही, कारण त्या थकतात. माझा फोन आवाज टिपत असतो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहायचे. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. तीन गोष्टी लिहायच्या: नाव, गाव, अंदाजे साल. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह, मनाने काही घालायचे नाही.

आडनाव जुने, पूर्ण लिहायचे. पेणकर, दिवेकर, किहीमकर या नावांत पेण, दिवे, किहीम ही गावे आहेत. इथे येऊन बऱ्याच घरांनी ‘कर’ गाळला किंवा नवे हिब्रू आडनाव घेतले. फोटोमागे फक्त ‘आबाकाका’ लिहिले तर नातवाला काय कळणार? तेच नाव मी खाली हिब्रूतही लिहिते, कारण नातवंडे मराठी बोलणे थोडे समजतात, वाचत मात्र नाहीत.

चौथ्या दिवशी नऊवारीतल्या एका बाईचा फोटो निघाला. तो नणंदेने याआधी कधी पाहिला नव्हता. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ही माझी मावशी. आई बाळंतपणात गेली तेव्हा हिने मला तीन वर्षे सांभाळले. आम्ही इकडे आलो, ती अलिबागला राहिली.” नणंद सत्तरीला आली आहे. आपल्या आजीचे असे झाले हे तिला त्या दुपारी कळले. तेव्हापासून तीही चारला येते.

चौथे, धर्माची पुस्तके. फाटलेले सिद्दूर, हिब्रू मजकूर असलेले हगादा कचऱ्यात जात नाहीत. सिनेगॉगमधल्या गेनिझाच्या पेटीत ठेवायचे. पण त्याआधी प्रत्येकाचे पहिले आणि शेवटचे पान उघडा. आपल्या लोकांना जन्म आणि मृत्यूच्या तारखा तिथेच लिहायची सवय होती. त्या पानाचा फोटो काढा. जुने मराठी छापील पुस्तक दिसले तर घाई नको. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला, आणि त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका मत्सा करताना दिसतात. असे काही हाती लागले तर यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात विचारा.

पाचवे, भांडी. “कोणाला हवे?” असे विचारले की सगळ्यांना सगळे हवे असते. मी विचारणार, “कोण वापरणार?” हलव्याचे जाड बुडाचे पातेले रोश हशानाला चिकाचा हलवा स्वतः करणाऱ्या भाचीला. खवणी मला. मलिद्याचे ताट नणंदेला, कारण एलियाहू हनाबीचा मलिदा तिच्या घरी होतो. बाकीचे गरजूंना.

हा सगळा क्रम आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “काय फेकायचे ते माझ्यासमोर फेका. नंतर फेकाल तर मला भांडता कसे येईल?” म्हणून मखसान उघडू तेव्हा दारात त्यांची खुर्ची असेल.

आठ दिवसांत ४३ फोटोंना नावे मिळाली. या वेगाने पेसाहपर्यंत डबे संपणार नाहीत, आणि चालेल. कपाटे, गाद्या, पडदे यांचा निकाल लागेल. डबे आईंबरोबर आमच्या घरी येतील. तुमच्या घरी असा डबा असेल आणि त्यातली माणसे ओळखणारे कोणी असेल, तर कपाटाला हात लावण्याआधी त्यांना चहाला बोलवा.