चक्र विसरलेला आंकडा

मुलुंडहून घाटकोपरपर्यंत रेल्वेनें आणि तेथून मेट्रोनें अंधेरीस जावयाचें, हा आमचा नित्यक्रम. अंधेरीच्या एका लहानशा कचेरींत मोबाइलसाठीं ॲप तयार करण्याचा आमचा व्यवसाय आहे. त्यांतील एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. कारण तिच्यापायीं आमच्या हातून एका तरुण सहकाऱ्यावर अन्याय झाला.

प्रत्येक ॲपला दोन आंकडे असतात. एक आवृत्तीचा, उदाहरणार्थ 2.3, तो आपणांस फोनवर दिसतो. दुसरा बिल्ड नंबर. त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं, परंतु यंत्राची सारी भिस्त त्याच्यावर. अँड्रॉइड ॲपची नवी प्रत प्ले स्टोअरकडे धाडतांना हा पूर्णांक पूर्वीच्या प्रतीहून मोठा असावा लागतो. एकदां दिलेला आंकडा पुन्हां चालत नाहीं, आणि 2100000000 ही त्याची कमाल मर्यादा आहे.

आमच्याकडे हा आंकडा हातानें बदलला जाई, व तें काम या तरुणाकडे होतें. औषधाच्या वेळेची आठवण देणाऱ्या आमच्या एका ॲपमध्यें वेळ चुकत होती. दुरुस्ती झाली, पण पावसामुळें गाड्या उशिरानें धांवत होत्या, बोरिवलीची गाडी गांठण्याच्या घाईंत तो आंकडा बदलण्यास विसरला, आणि प्रत नाकारली गेली. सकाळपर्यंत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. ती एक रात्र वृद्ध रुग्णांना चुकीच्या वेळीं आठवण मिळाली. "सर, रोज बदलतों, काल एकदांच राहिलें," तो म्हणाला. "एक मिळविण्याची बेरीजहि जमत नाहीं?" असें आम्हीं त्यास चारचौघांत विचारलें.

त्यानंतर हें काम आम्हीं यंत्राकडे सोंपविलें. गिटहब ॲक्शन्स या व्यवस्थेंत ॲप बांधण्याची कृति एका फाइलींत लिहून ठेवतात, तिला वर्कफ्लो म्हणतात. ती जितक्या वेळां चालते, तितका तिचा अनुक्रमांक वाढतो. तोच बिल्ड नंबर म्हणून आपोआप बसावा, अशी योजना आम्हीं केली. अनेक महिने तिनें चोख काम केलें. पुढें नीटनेटकेपणाच्या हौसेनें आम्हीं वर्कफ्लो नव्या फाइलींत नव्यानें लिहिला. अनुक्रमांक ज्या त्या वर्कफ्लोचा असतो, हें आम्ही विसरलों. मागचा आंकडा 214 होता. नव्यानें निघाला 1. प्रत पुन्हां नाकारली गेली. या वेळीं रागें भरण्यास समोर कोणी नव्हतें.

रात्रीं घरीं आलों तेव्हां वडील पंचांग पाहत बसले होते. उशिराचें कारण त्यांनीं विचारलें व सारें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "अरे, अहर्गण बरोबर मांडलास, पण चक्र विसरलास!"

अहर्गण म्हणजे ठराविक आरंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या. तिथीची वृद्धि होते, क्षय होतो. अहर्गण मात्र दररोज एकानेंच वाढतो. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं ग्रहलाघव या ग्रंथांत शके 1442, म्हणजे इसवी सन 1520, हा आरंभ धरला. संख्या फार मोठी होऊं नये म्हणून त्यांनीं अकरा वर्षांचें, 4016 दिवसांचें एक चक्र केलें. चक्र भरलें कीं दिवसांची मोजणी पुन्हां पहिल्यापासून. परंतु किती चक्रें गेलीं तें गणितांत धरावेंच लागतें. तें सुटलें तर दिवस बरोबर मोजूनहि ग्रहाचें स्थान चुकतें.

दुसऱ्या दिवशीं अनुक्रमांकांत 214 मिळविण्याची एक ओळ आम्हीं लिहिली. फसलेलें काम पुन्हां चालविलें तरी जुनाच अनुक्रमांक राहतो. म्हणून काम नव्यानें सुरू केलें. अनुक्रमांक 2 आला, बिल्ड नंबर 216 झाला, आणि प्रत स्वीकारली गेली.

मग ज्या चारचौघांत त्या तरुणास बोललों होतों, त्यांच्याच समोर आम्हीं आपली चूक सांगितली व त्याची क्षमा मागितली. तो क्षणभर संकोचला. नंतर त्यानें विचारलें, "सर, हे 214 कोठून आले, हें पुढें कोणाला कसें कळणार?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यानेंच त्या ओळीवर मागची सारी हकीकत दोन वाक्यांत लिहून ठेवली. आमच्या बेरजेहून तीं दोन वाक्यें अधिक उपयोगाचीं आहेत, असें आम्हांस वाटतें.